कृपेचा ताळा काही जुळेना (एका खजिनदाराची कबुली)

जुना_हिशोबनीस | नाशिक | शुक्रवार, रात्री ११:४०

सगळ्यांना सलाम. (आम्ही मराठी ख्रिस्ती एकमेकांना सलामच म्हणतो, नवीन वाचकांनी दचकू नये.)

बरीच वर्षं वाचनमात्र होतो. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी ५१ वर्षांचा. सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये २४ वर्षं काढली. मागच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी ती लाइनच बंद केली आणि आम्ही ३८ जण घरी आलो. त्याला आता १४ महिने झाले. बायको बालवाडीत शिकवते, लेक इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घराचे हप्ते अजून ६ वर्षं आहेत. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये अधूनमधून जॉबवर्क मिळतं. उपाशी नाही. रडगाणं गायचं नाहीये, पण एवढं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी आमच्या मंडळीचा (म्हणजे चर्चचा) खजिनदार आहे, गेली ११ वर्षं. रविवारी उपासना संपली की मागच्या खोलीत टेबलावर अर्पणाची थैली उलटी करायची, नोटा सरळ करायच्या, चिल्लर वेगळी, दशमांशाची पाकिटं वेगळी, शेवटी दोघांच्या सह्या. दहाच्या काही नोटा चुरगळून अगदी गोळी झालेल्या असतात. त्या म्हाताऱ्या बायकांच्या, कमरेच्या पिशवीतून आलेल्या. उलगडताना मिश्रीचा वास येतो. एका रुपयाचा फरक राहिला तरी मला घरी जाववत नाही, बाकीचे वैतागतात. स्वभावच तसा.

नोव्हेंबरातली गोष्ट. रात्री झोप येईना. उठलो, स्वयंपाकघरात बसलो आणि लेकीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे मी देवाला दिलेलं, उजवीकडे देवाने मला दिलेलं. डावा रकाना भराभर भरला. २४ वर्षांचा दशमांश, एक महिना न चुकता. रविवारच्या शाळेत शिकवलं ती ९ वर्षं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आमच्या मंडळीतले तिघे गेले, तिघांच्याही मातीला मी होतो, एकाच्या तर पाळक (पास्टर), मी आणि खड्डा खणणारे एवढेच. उजव्या रकान्यात पहिली ओळ लिहिली 'नोकरी' आणि खोडली.

तेवढ्यात बायको उठून आली. वही बघितली. काही न बोलता चहा टाकला. मग गाळता गाळता म्हणाली, "तुमचा बाप्तिस्मा कुठल्या बाजूला धरलाय?"

मी ३ महिन्यांचा असताना झाला तो. आजीने मांडीवर धरलं होतं. मी काही केलं नव्हतं, रडलो असेन फार तर. तो डाव्या रकान्यात जाईना, आणि उजव्या रकान्यात टाकला तर त्याची किंमत काय लिहू? वही मिटली.

तेव्हापासून अडकलोय. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्ष असते. कोणी उठतं, प्रभूने फ्लॅट दिला. कोणी उठतं, मुलाचं कॅनडाचं झालं. मी मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतो आणि नजर चुकवतो. आणि बायबलात एक दाखला (दृष्टांत) आहे, मत्तय २०, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला, आणि सगळ्यांना सारखाच दिवसाचा रोज देतो. तो मला लहानपणापासून खटकतो. कुठलाही खजिनदार त्या मस्टरवर सही करणार नाही.

कृपेत सामर्थ्य आहे, कृपेत सुरक्षितता आहे असं आयुष्यभर ऐकलं, रविवारच्या शाळेत पोरांना शिकवलंही. ती नेमकी कशी असते? ज्यांनी अनुभवलंय त्यांनी लिहा. 'प्रार्थना करा' एवढंच सांगणार असाल तर ती चालूच आहे.

---

मिरचीभजी | ११:५८

वाचतेय. काकूंना साष्टांग.

---

विजयी_जीवन | शनिवार, सकाळी ६:१०

भाऊ, जय ख्रिस्त. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. तुम्ही दशमांश दिला, पण 'देतोय' ही भावना ठेवून दिला. विश्वासाने बी पेरलं की शंभरपट येतंच, वचन आहे. १४ महिने दार उघडत नाही म्हणजे कुठेतरी अडथळा आहे, घराण्यातलं काही असेल. उपास धरा, एक विशेष अर्पण द्या आणि नोकरी मिळाली असं तोंडाने कबूल करा. नकारात्मक बोलू नका.

---

जुना_हिशोबनीस | ६:५५

@विजयी_जीवन, राग नाही. पण बंद पडलेल्या लाइनवर आम्ही ३८ जण होतो, त्यातले ख्रिस्ती तिघे. बाकी ३५ जणांच्या नोकऱ्या माझ्या घराण्यातल्या अडथळ्यामुळे गेल्या का?

---

मिशन_कंपाउंडची_पोर | ९:३०

सलाम दादा.

मी पाळकाची मुलगी, म्हणजे हे सगळं मला बाळकडूतून मिळालं आणि त्यामुळेच २५ वर्षांची होईपर्यंत काहीही कळलं नव्हतं. तुमच्या प्रश्नावर सगळे जे वचन फेकतात ते आधी मीच टाकते, म्हणजे विषय संपेल: "माझी कृपा तुला पुरे आहे." करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय १२. आमच्याकडे हे कॅलेंडरवर छापतात, कपावर छापतात, पत्रिकेवरही छापतात. पण आजूबाजूचं कोणी वाचत नाही. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या शरीरात एक काटा होता. काय होता ते त्याने सांगितलेलं नाही, लोकांनी डोळ्यांच्या आजारापासून फेफऱ्यापर्यंत सगळे तर्क केलेत. त्याने तीनदा विनवणी केली की हा काढ. आणि उत्तर आलं ते हे. म्हणजे ते वचन मुळात एक नकार आहे. काटा निघाला असं पुढे कुठेही लिहिलेलं नाही.

हे लिहिणारा माणूस मंडळ्या स्थापन करत फिरलेला, फटके खाल्लेला, तुरुंगात बसलेला. विजयी_जीवन यांच्या हिशोबाने त्याच्या घराण्यातही अडथळा असणार.

बाबा निवृत्त झाले तेव्हा आम्हाला बंगला सोडायचा होता. ३० दिवस. ज्या घरात मी जन्मले ते आमचं नव्हतंच, हे तेव्हा पहिल्यांदा उमगलं. आई सामान बांधत होती आणि बाबा पायरीवर बसून नखं कापत होते, शांतपणे. मला इतका संताप आला! विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही का? म्हणाले, "वाटते की. रात्री घाम फुटतो." मग म्हणाले, "भीती वाटते म्हणजे त्याने सोडलं असं थोडंच आहे?"

एवढंच. मला तेव्हा ते उत्तर अपुरं वाटलं होतं. अजूनही कधीकधी वाटतं. पण आतापर्यंत ऐकलेल्यांत ते सगळ्यात कमी खोटं आहे.

---

तर्कट | ११:०५

धागाकर्त्याबद्दल पूर्ण सहानुभूती, लेखनही प्रांजळ आहे. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. नोकरी मिळाली तर कृपा. नाही मिळाली आणि तुम्ही तगलात तर तीही कृपा. तगला नाहीत तर विश्वास कमी पडला. जे विधान कशानेच खोटं ठरत नाही त्याच्यावर सुरक्षितता कशी उभारणार? आधार तुम्हाला बायकोच्या पगाराचा आहे. तिला श्रेय द्या.

---

जुना_हिशोबनीस | दुपारी १:१५

@तर्कट, बायकोला श्रेय आहेच, मान्य. तिच्या पगारातच दळण येतं.

खोटं ठरण्याबद्दल म्हणाल तर माझी एक समजूत होती जी खोटी ठरू शकत होती. 'मी नियमाने देतो, देव नियमाने सांभाळतो.' २४ वर्षं तिची चाचणी चालली आणि मागच्या फेब्रुवारीत ती नापास झाली. टूलरूममधला माणूस आहे मी, गेजमध्ये न बसलेला पार्ट बाजूला ठेवायला मला कोणी शिकवायला नको. ती समजूत बाजूला ठेवली. गंमत अशी की ती काढल्यावर सगळं कोसळायला हवं होतं. कोसळलं नाही. मी अजून सकाळी उठून 'हे आमच्या बापा' म्हणतो. का म्हणतो, कोणाला उद्देशून म्हणतो, हाच तर धागा आहे. माझ्याकडे उत्तर असतं तर विचारलं नसतं.

---

तर्कट | १:४०

उत्तर पटलं नाही, आवडलं. थांबतो.

---

अभंगवेडा | ४:२०

मी वारकरी घरातला, त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जाणारा. परधर्माच्या धाग्यात घुसतोय, हाकलू नका.

देवाला आपण धरायचं की तो आपल्याला धरतो, हा वाद आपल्याकडेही जुना आहे. रामानुजांच्या परंपरेत यावरून दोन तट पडले. एकांचं म्हणणं मर्कटकिशोर न्याय. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असतं, आई उड्या मारते, पकड सुटली की पिल्लू गेलं. दुसऱ्यांचं म्हणणं मार्जारकिशोर न्याय. मांजर पिल्लाला मानगुटीला धरून नेते, पिल्लू नुसतं लोंबकळतं. वडकलै माकडाच्या बाजूचे, तेंकलै मांजराच्या.

हिशोबनीस, तुम्ही २४ वर्षं माकडाचं पिल्लू होतात. हात दुखून आले असतील. आता पकड सुटलीय असं तुम्हाला वाटतंय आणि तरी खाली पडलेला नाहीत, यामुळे गोंधळला आहात. मला तरी तुमचं दुखणं एवढंच दिसतंय.

अवांतर: ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो. त्यामुळे एका वारकऱ्याने इथे यायला हरकत नसावी. पूल दोन्ही बाजूंनी चालतो.

---

मिशन_कंपाउंडची_पोर | ४:५०

मांजराचं पिल्लू!! हे मी उद्या रविवारच्या शाळेत वापरणार, परवानगी गृहीत धरते.

आणि टिळकांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, हे विसरू नका. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांचा १९०० चा. मधल्या वर्षांत त्यांनी जे सोसलं त्यात कोणी 'विश्वासाने कबूल करा' म्हणायला आलं असतं तर बाईंनी काय उत्तर दिलं असतं याची कल्पना करून हसू येतंय.

---

कागदी_घोडा | ६:००

अध्यात्म तुमचं चालू द्या, मी रुक्ष माणूस. ग्रॅच्युइटी मिळाली का? शेवटचा बेसिक अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले २४. ३० दिवसांत द्यायची असते, उशीर केला तर व्याज लागतं. लाइन बंद करून काढलं असेल तर कामगार कपातीची भरपाई वेगळी, ती ग्रॅच्युइटीत धरलेली नाही ना, हे तपासा. कागद असतील तर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जा, लाजू नका.

दुसरं. नोव्हेंबरात रात्री झोप येत नव्हती असं लिहिलंय. एकदा डॉक्टरांना दाखवा. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. देवावर भरवसा ठेवणाऱ्यालाही झोप लागतेच.

---

जुना_हिशोबनीस | ६:२५

ग्रॅच्युइटी मिळाली, हिशोब मी स्वतः तीनदा केला होता :) भरपाईचं मात्र तुम्ही म्हणता तसंच काहीतरी आहे, सोमवारी कागद काढतो. झोपेचंही मनावर घेतो. मनापासून आभार.

---

नाशिकरोडची_मावशी | रविवार, सकाळी ८:०५

मी कॅथलिक आहे बाळा, आत्ताच मिस्साहून आले. फेब्रुवारीत आमच्याकडे बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा नेहरूनगरला पाय ठेवायला जागा नसते, सगळ्या धर्माचे लोक मेणबत्त्या घेऊन रांगेत. मी ३० वर्षं जाते. आमच्या यांना ९ वर्षांपूर्वी अर्धांग झाला. तेव्हा मीही म्हटलं होतं, बाळ येशू, यांना चालतं कर, मी दर गुरुवारी येईन. ते काही चालले नाहीत. खुर्चीतच आहेत.

मी गुरुवारी जाते अजून. शेजारीण विचारते, नवस फळला नाही तरी का जाता? काय सांगू तिला. सकाळी यांना उचलून बसवायचं, दाढी करायची, भात कालवून भरवायचा, हे ९ वर्षं मी करीन असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी पळून गेले असते. माझ्यात तेवढं बळ नाही, आजही नाही. उद्याचं बळ आज कधीच हातात नसतं. सकाळी उठले की त्या दिवसापुरतं असतं. इस्राएली लोकांना रानात मान्ना, म्हणजे आभाळातून पडणारं अन्न, मिळायचा ना, दुसऱ्या दिवसासाठी साठवला की किडे पडायचे, तसं आहे बघ ते. तुला १४ महिन्यांचं आणि पुढच्या ६ वर्षांच्या हप्त्यांचं बळ एकदम हवंय. ते मिळत नाही रे कोणाला.

चष्मा लावून मोबाइलवर लिहिते, चुका पोटात घाला.

---

मिरचीभजी | ८:३०

मावशी 🙏 काही बोलायला ठेवलं नाहीत.

---

जुनं_नाशिक | ११:१५

थोडं इतिहासाचं. शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात, कॉलेज रोडला जायचा रस्ता म्हणून. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं. नाव कोणी ठेवलं असेल त्याला मराठी चांगली येत होती. शरण घेणारा आणि शरण जाणारा, दोघांचंही गाव.

तिथे एक काळ आफ्रिकन मुलं राहत होती. गुलाम म्हणून विकायला नेत असताना ब्रिटिश आरमाराने सोडवलेली. त्यांना इथे लिहायला-वाचायला, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. त्यातला एक जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ च्या मे महिन्यात आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि देह अनेक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. झाडाखाली अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा हा जेकब. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. शरणपूरला शिकलेला मुलगा!

हे सांगायचं कारण असं, की ज्याची बाजारात एकदा किंमत ठरवली गेली होती त्याला 'तुझी किंमत ठरत नाही' हे वाक्य आपल्यापेक्षा वेगळं ऐकू येत असेल.

दुसरी बाजूही लिहितो. माझे आजोबा मिशनला मायबाप म्हणायचे. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, नोकरी मिशनची. मिशनचा हात आखडला तेव्हा आजोबांची श्रद्धाच हलली, कारण देव आणि मिशन यांच्यात त्यांनी फरक केलाच नव्हता. हिशोबनीस, तुमची सातपूरची कंपनी तुमचं मिशन होती का, हे स्वतःला विचारा.

---

विजयी_जीवन | दुपारी ३:००

सगळे माझ्यावर तुटून पडलेत. मी चांगल्या मनाने लिहिलं होतं.

---

थॉम्पसनवाला | रात्री ९:१०

मी ख्रिस्ती नाही. दिंडोरी तालुक्यात ५ एकर द्राक्ष आहे. धाग्यात द्राक्षमळा दिसला म्हणून आलो आणि तो दाखला शोधून वाचला.

पहिलं मत: मालक येडा आहे. आमच्याकडे असा हिशोब एकदा केला तर दुसऱ्या दिवसापासून सकाळी कोणी येणार नाही, सगळे पाचलाच. मुकादम तर गावभर सांगत सुटेल.

पण मग दुसऱ्यांदा वाचला. तुम्ही लोक शहरातले, म्हणून मजुरांच्या नाक्यावर काय असतं ते सांगतो. पेठ, सुरगाण्याकडून माणसं येतात. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी (दाट घडातले मणी काढणं), ज्याचा सीझन असेल त्याला. आपण सकाळी साडेसातला पिकअप घेऊन जातो. कोणाला उचलतो? तरण्याला. स्वतःची कात्री असलेल्याला. मागच्या वर्षी आपल्याकडे येऊन गेलेल्याला. जोडपं असेल तर फारच बरं. १० मिनिटांत नाका निम्मा होतो. नऊपर्यंत बरे बरे सगळे गेलेले असतात. बारा वाजता तिथे कोण असतं माहीत आहे? म्हातारा. तान्हं पाठीला बांधलेली बाई. एक जण असायचा, त्याची तीन बोटं कडबाकुट्टीत गेलेली, त्याला कात्रीच धरता येत नव्हती. ते उशिरा आलेले नसतात. पहाटेपासून तिथेच असतात. त्यांना कोणी घेतलेलं नसतं. तुमच्या पुस्तकातही ते तेच म्हणतात बघा, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही.

आणि हा मालक दिवसातून पाच वेळा नाक्यावर जातो. द्राक्षवाला म्हणून सांगतो, हे कामाचं लक्षण नाही. आम्ही एकदा जातो, मग मुकादमाला फोन. पाच वाजता कोणी डिझेल जाळून नाक्यावर जात नाही. एका तासात काय होणार, एखाद-दोन झाडांची विरळणी? हा माणूस काम करून घ्यायला जातच नाहीये. तो कोण उरलंय ते बघायला जातोय. आणि पूर्ण रोज का देतो म्हणाल, तर पीठ एका तासाचं मिळत नाही दुकानात.

साहेब, एक विचारू का? ५१ वर्षांचा माणूस १४ महिने बायोडाटा घेऊन फिरतोय, आणि दाखला वाचताना स्वतःला पहाटेच्या टोळीत धरतोय. ते कसं काय?

---

तर्कट | ९:३०

श्रद्धा वगैरे बाजूला ठेवून सांगतो, हा या संस्थळावरचा यंदाचा सर्वोत्तम प्रतिसाद आहे.

---

अभंगवेडा | ९:४२

दंडवत, थॉम्पसनवाला.

---

मिशन_कंपाउंडची_पोर | १०:१५

मी या दाखल्यावर किमान ४० उपदेश ऐकलेत, त्यातले दहा-बारा बाबांचे. एकातही नाका दिसला नव्हता.

थॉम्पसनवाला दादा, एक विचारते. योहान १५ मध्ये छाटणीबद्दल आहे, पिता फळ देणारा फाटा छाटतो म्हणून. तुमची सध्या खरड छाटणी चालू असेल ना?

---

थॉम्पसनवाला | १०:४०

चालूच आहे. खरड छाटणी म्हणजे वर्षभराची सगळी काडी काढून टाकायची, ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) एखाद-दोन डोळ्यांचे खुंट ठेवायचे. झाल्यावर बाग बघितली तर मेलीच म्हणाल. १५-२० दिवसांत फुटवे येतात. पण खरी गंमत पुढे आहे. पुढच्या हंगामाचा घड असतो ना, तो त्या नव्या काडीच्या डोळ्यात छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. आम्ही लॅबमध्ये काड्या नेऊन डोळे तपासून घेतो. ऑक्टोबरला दुसरी छाटणी झाली की मग बाहेर येतो.

आणि वर थॉम्पसन ही द्राक्षाची जात दिसली तरी मूळ तिचं नसतं. खाली डॉग्रिजचं रानटी मूळ, त्यावर कलम. थॉम्पसनच्या स्वतःच्या मुळाला खारं पाणी आणि दुष्काळ सोसत नाही. म्हणजे वरची काडी कितीही टेचात असली तरी ती जगते दुसऱ्याच्या मुळावर.

---

मिशन_कंपाउंडची_पोर | ११:००

कलमाचं तर पौल रोमकरांच्या पत्रात जवळजवळ तेच म्हणतो, की मूळ तुला धरून आहे, तू मुळाला नाही. फक्त त्याचं जैतून (ऑलिव्ह) होतं आणि कलम उलटं, रानटी फांदी चांगल्या झाडावर.

छाटणीबद्दल मात्र एक सांगून ठेवते, दुसऱ्याच्या दुःखाला हा दाखला लावायचा नाही. स्वतःच्या दुःखाबद्दल, नंतर, मागे वळून बघताना म्हणायचं असेल तर म्हणावं. माझा भाऊ गेला तेव्हा एका बाईंनी आईला 'प्रभू छाटतोय' असं सांगितलं होतं. आई त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. मी आईच्या बाजूची आहे.

---

नाशिकरोडची_मावशी | सोमवार, सकाळी ७:२०

मीपण.

---

जुना_हिशोबनीस | आठवड्यानंतर, रविवार, दुपारी २:३०

उत्तर द्यायला आठवडा लागला, माफी असावी. थॉम्पसनवाला यांचा प्रतिसाद वाचला आणि मोबाइल ठेवून गच्चीत गेलो. बायकोला वाटलं काहीतरी झालं.

गेल्या महिन्यात अंबडला एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं होतं, सकाळी दहाला. मांडीवर फाइल घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. पोरं येत होती, आत जात होती, निघून जात होती. जेवणाची सुट्टी झाली. डबा कुठे खायचा कळेना, तसाच ठेवला. सव्वापाचला एक मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, सर, ती पोस्ट भरली. पाच वाजून पंधरा मिनिटं. मी हे घरी सांगितलं नव्हतं, आज इथेच पहिल्यांदा लिहितोय. एवढं होऊनही मी तो दाखला कुरकुर करणाऱ्यांच्या जागेवरूनच वाचत होतो. ५१ वर्षं, त्याच रांगेत उभा राहून.

जुनं_नाशिक, हो. ती कंपनी माझं मिशन होती. गेटवरचं कार्ड पंच केलं की छातीत काहीतरी जागेवर बसायचं, त्यालाच मी देवाची शांती समजत होतो.

मावशी, हप्त्यांचा तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवलेला होता, तो आत ठेवला. या महिन्याचा भरलाय.

आज पहिला रविवार, साक्षीचा. पाळकांनी विचारलं, कोणी आहे का? मी उठलो. पाय थरथरत होते, खोटं कशाला सांगू. म्हटलं, मला नोकरी नाही. १४ महिने झाले. कदाचित लवकर मिळणारही नाही. तुम्ही सगळे आपापल्या साक्षी सांगता तेव्हा मी मागे तोंड लपवून बसत होतो, ते आजपासून बसणार नाही. यापुढे बोलायला काही सुचेना, तसाच खाली बसलो. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. वाजवायच्या की नाही हेच कोणाला कळलं नसावं. मग बायकांच्या बाजूने कोणीतरी गीत काढलं, सूर पार चुकीचा लागला होता, पण सगळे गायले.

नंतर थैली मोजायला मागच्या खोलीत गेलो. दारात एक आजी उभ्या. ८० च्या पुढच्या, एकट्या राहतात, आम्हीच त्यांना महिन्याला मंडळीच्या फंडातून थोडं देतो, व्हाउचरवर मीच अंगठा घेतो. त्यांनी माझा हात ओढला आणि मुठीत दहाची नोट कोंबली, तीच गोळी केलेली. म्हटलं, आजी, थैलीत टाका ना. तर म्हणाल्या, "थैलीत टाकली मघाशीच. ही तुला."

मी घेईना. त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली.

आत जाऊन ताळा केला. बरोबर आला. नोट शर्टाच्या खिशात आहे, अजून उलगडलेली नाही. मिश्रीचा वास येतोय.

---

मिरचीभजी | २:५५

ऑफिसात रडवलंत. रविवारी ऑफिसात आहे हे वेगळंच दुःख.

---

विजयी_जीवन | ४:१०

दादा, दुखावलं असेल तर माफ करा. खरं सांगतो. मी हे सगळं जिथे शिकलो तिथे दुकानाचं कर्ज काढून विशेष अर्पण दिलं होतं. दुकान गेलं. त्यानंतर मी आणखी जोरात बोलायला लागलो. तुमच्या मंडळीत पहिल्या रविवारी बाहेरचा माणूस आलेला चालतो का?

---

जुना_हिशोबनीस | ४:२०

सकाळी साडेनऊ. मागचा बाक रिकामाच आहे आता. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतो.

---

कागदी_घोडा | ५:००

भरपाईच्या कागदांचं काय झालं?

---

जुना_हिशोबनीस | ५:०५

तुमचं बरोबर निघालं, ती ग्रॅच्युइटीतच दाखवली होती. तिघा-चौघांनी मिळून अर्ज केलाय. तारीख पडलीय.

---

थॉम्पसनवाला | ८:४५

साहेब, माझा शेवटचा दीड एकर राहिलाय आणि दोन माणसं कमी आहेत. शनिवारी या, बागही बघून होईल. कात्री मी देतो. रोज चालू भावाने देईन, पण सकाळी साडेसातला यायचं. पाचला आलात तर चहा मिळेल फक्त, मी काही तो दाखल्यातला मालक नाही :)

---

जुना_हिशोबनीस | ९:००

येतो. पहिल्या एसटीने. डबा दोघांचा आणू का?